बयाक्काचं कुर्रर्र

“नाव ठिवायला एक तोंड लागतं, नावं ठिवायला अख्खं गाव.”

बयाक्का हे येताजाता म्हणायची. गल्लीत कुणी कुणाच्या सुनेबद्दल बोलायला लागलं, की ती हातातलं काम खाली ठेवायची, पदर कमरेला खोचायची आणि हे एवढंच बोलून परत कामाला लागायची. समोरचं माणूस हसून गप्प व्हायचं. बयाक्काला ते बोलायचा हक्क आहे हे सगळ्या कुरुंदवाडाला ठाऊक होतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांची नावं तिच्या तोंडून त्यांच्या कानात गेलेली होती.

तसं पाहिलं तर बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान सख्ख्या आत्याचा. पण ज्या घरात आत्या नसेल, किंवा असून लांब दिलेली असेल, त्या घरातून बयाक्काला बोलावणं यायचं. तिचं कुर्रर्र ऐकण्यासारखंच होतं. ती पाळण्यावर वाकायची, बाळाच्या कानाला ओठ लावायची आणि आधी नुसता श्वास सोडायची. मागं बायका तिच्या पाठीत धपाधप मारत असायच्या, हसत असायच्या. मग त्या हसण्याच्या खालून एक बारीक आवाज निघायचा. पारवा घुमावा तसा सुरू व्हायचा, लांबायचा, खोल जायचा आणि रडणारं पोर डोळे उघडे ठेवून गप्प व्हायचं. त्या गप्पपणात ती नाव सोडायची. पिकल्या पानावरनं थेंब सुटावा इतक्या हलक्यानं.

तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. नवरा पिराजी कृष्णेवर नाव चालवायचा. पूल झाल्यावर नाव काठाला लागली आणि पिराजीही. तो दिवसभर घाटाच्या पायरीवर बसून पाण्याकडं बघायचा आणि बायकोची चेष्टा करायचा. “आमच्या घरात दोन नावा. माझी पाण्यात कुजली, हिची अजून चालू हाय.”

मग एक दिवस तीही थांबली.

ऐन तिशीत धार काढताना म्हशीनं लाथ झाडली होती आणि बयाक्काचे वरचे पुढचे दात गेले होते. उरलेले हळूहळू हलले आणि पडले. तिनं जयसिंगपुरातून कवळी करून आणली. कवळी पुष्कळ वर्षं चालली. पण दात गेले की आतलं हाडही झिजतं. नदीकाठचा बांध कुणी न बघता दरसाल हातभर वाहून जावा तसं. कवळी सैल झाली. बयाक्का ती जिभेनं दाबून धरायला शिकली. आणि अठ्ठ्याण्णव साली, एका घरच्या बारशात, ती वाकली, श्वास सोडला, कुर्रर्र म्हणाली आणि कवळी सुटून पाळण्यात पडली. बाळाच्या अगदी छातीवर.

बायका आधी हसल्या. मग एक म्हातारी पुटपुटली, “चांगलं न्हाय बाई हे. लेकराच्या अंगावर मेल्याली दातं.” हसणं तिथंच थांबलं. बयाक्कानं कवळी उचलली, पदरात बांधली आणि घरी आली. पोराला काही झालं नाही, ते आज चांगलं दांडगं आहे. पण त्या दिवसापासून बयाक्काला कुणी बोलावलं नाही. तिनंही कुठं जायचं सोडलं. बोलताना पदर तोंडावर धरायची. कुणी फार आग्रह केला तर म्हणायची, “माझं आता फुर्र झालंय.”

आता आकारामचं सांगायला हवं. आकाराम हा बयाक्काचा धाकटा भाऊ. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता, घर मात्र कुरुंदवाडातच. त्याची बायको शालन. लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. त्या वर्षांत शालनला सगळ्यांनी नावं ठेवली. हळदीकुंकवाला बोलावून मागच्या रांगेत बसवलं. एकट्या बयाक्कानं तिला दर बारशाला हाताला धरून पाळण्यापाशी नेलं आणि दोरी तिच्या हातात दिली. शालन ते विसरणारी बाई नव्हती.

आणि नव्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एक दिवस शालन सकाळी सकाळी नणंदेच्या दारात आली. उंबऱ्यावरच बसली. नुसती हसत राहिली.

“काय गं? उनात चालून आलीस काय?” बयाक्कानं विचारलं.

“आक्का, तुमचं फुर्र बरं करून घ्या,” शालन म्हणाली. “कान यालाय.”

बयाक्काला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं शालनचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तोंडावरचा पदर गळून पडला तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत जबड्याचं काम करणारे एक तरुण डॉक्टर होते. विश्वजित डॉक्टर म्हणत त्यांना. आकाराम बहिणीला घेऊन गेला, बरोबर पिराजीही. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले, “नवे पक्के दात बसवता येतील. हाडात स्क्रू घालून. पण स्क्रू धरायला पुढं हाडच उरलेलं नाही. आधी हाड घालावं लागेल.”

“कुणाचं?” बयाक्कानं घाबरून विचारलं.

“तुमचंच. कमरेचं. कमरेच्या हाडाचा एक तुकडा काढायचा, जबड्यावर बसवायचा. पाच-सहा महिन्यांत तो तिथं मुरतो. मग त्यात दात.”

बयाक्का बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली. “म्हंजे ह्या शेतातली माती उचलून त्या बांधाला घालायची,” ती म्हणाली.

“बरोबर.”

“मग बसंल की.”

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. शेवटी विचारलं, “तंबाखू खाता का? खरं सांगा. तंबाखूनं हाड धरत नाही. सगळं वाया जाईल.”

“छे, छे!” बयाक्का म्हणाली. “मी न्हाय खात. हे खात्यात.” आणि पिराजीकडं बोट दाखवलं. पिराजीनं मान खाली घातली.

भूल उतरली तेव्हा बयाक्काला आधी खिडकीतलं आभाळ दिसलं. मग आकारामचं तोंड. “कुठं दुखतंय आक्का?” त्यानं विचारलं. तिनं कमरेवर हात ठेवला. पिराजी पलीकडं उभा होता. तो नर्सकडं वळला. “बाई, तोंड राहिलं काय करायचं? का चुकून खालनं सुरवात केलासा?”

गल्लीत तर चेष्टेला ऊत आला. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, “आक्का, आता बोलतासा ते कुठनं? वरनं का खालनं?” कुणी म्हणालं, आता पोराबाळांच्या कानात आक्काची कंबर बोलणार. बयाक्काही ओठ मिटून हसायची. टाके ओढायचे, मग कपाळाला आठी पडायची, तरी हसायची.

त्या महिन्यांत तिला स्वप्नं पडत. दुपारी, सोप्यात कलती झाली की लगेच. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं ती कमरेइतक्या पाण्यात उभी आहे. पाणी गढूळ, कोमट. ती तोंड उघडते आणि पाणी आत येतं, फिरतं, निघून जातं आणि जाताना बोटभर गाळ ठेवून जातं. मऊ, काळा. दुसऱ्या दुपारी आणखी बोटभर. त्या गाळावर गवताचं हिरवं पातं उगवतं. जिभेला लागतं. जागी झाली की ती जीभ वर न्यायची, पण लावायची नाही. डॉक्टरांनी चाचपायला बंदी केली होती. नुसतं समजून घ्यायची, की आहे. आत काहीतरी धरतंय.

शालनचं पोट वाढत होतं. दोघी संध्याकाळी शेजारी बसत. एकीच्या पोटात, एकीच्या तोंडात. दोघींनाही आपलं आपल्याला दिसत नव्हतं.

“नाव ठरवलंसा, आक्का?”

“ठरवलंय.”

“सांगा की.”

“कानात सांगायचं असतंय. तुझा कान जुना झालाय.”

शालन सातव्यात जयसिंगपूरला माहेरी गेली. तिचा नववा भरत आला तेव्हा बयाक्का कोल्हापूरला गेली. डॉक्टरांनी हिरडी उघडून बघितली. हाड धरलं नव्हतं. बसवलेला तुकडा निम्मा विरला होता, उरलेला सुटा हलत होता. त्यांनी तो काढून टाकला.

“असं व्हायला नको होतं,” ते म्हणाले. “मधुमेह नाही, तंबाखू नाही. सकाळी तोंड कशानं धुता? मिठाच्या पाण्यानं?”

“व्हय. मिसरी लावून झाली की मिठाच्या पाण्यानंच.”

डॉक्टर खुर्चीवर बसले. “मिसरी?”

“मिसरी की.”

“अहो, मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच ना? मी विचारलं नव्हतं का?”

“तुम्ही खातासा काय म्हणून इचारलासा,” बयाक्का म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “मिसरी कुठं खात्यात? मिसरी लावत्यात. दात घासायला.”

“पण तुम्हाला दातच नाहीत!”

“हिरड्या हाईत की. दात गेलं म्हणून तोंड धुवायचं सोडायचं काय?”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. पण रागावले नाहीत. खोटं बोललेलं माणूस आणि खरंच बोललेलं माणूस यांतला फरक त्यांना कळत असावा. आमच्याकडं तंबाखू पुरुष खातो आणि मिसरी बाई लावते, आणि ह्या दोन गोष्टी एका पानाच्या आहेत असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. ते म्हणाले, “दुसऱ्या बाजूच्या कमरेचं घेता येईल. जखम भरू दे, मग. पण आजपासून मिसरीला बोट लावायचं नाही. आणि दात व्हायला वर्षाच्या वर लागेल.”

परतीच्या एसटीत बयाक्का खिडकीशी बसली होती. हातकणंगलं आल्यावर म्हणाली, “गाळ वाहून गेला.”

पिराजी म्हणाला, “नदी हाय तवर गाळ येतोय.” आणि त्यानं खिशातली तंबाखूची चंची काढून खिडकीबाहेर टाकून दिली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याभरात शालन बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी जयसिंगपुरात बारसं. बयाक्का तोंडावर पदर घेऊन गेली आणि बायकांच्या मागं भिंतीला टेकून बसली. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. शालनची आई मोठी करारी बाई, तिनं मोठ्यानं विचारलं, “आत्या कुठं हाय? या पुढं.”

बयाक्का जागची हलली नाही. “चिमणाबाईला करू द्या,” ती पदरातून म्हणाली. चिमणाबाई म्हणजे तिची चुलत बहीण. “तीबी आत्याच हाय. माझं तोंड झालं न्हाय अजून.”

चिमणाबाई उठली. सगळ्यांना ते बरं वाटलं. तेवढ्यात बाजेवरून शालन बोलली, “पाळणा हलवा, गाणी म्हणा, घुगऱ्या वाटा. पर पोरीचा कान मोकळा ठिवा.”

“म्हंजे?” तिची आई म्हणाली.

“म्हंजे नाव आक्काच सांगणार. त्यांचं तोंड हुईल तवा.”

“आणि तवर? बिननावाचं ठिवतीस पोरीला? लोक काय म्हणतील?”

“माझ्याबद्दल बारा वर्सं म्हणालीत की. आता तिच्याबद्दल थोडं म्हणूद्यात.”

चिमणाबाई उभी होती ती हळूच परत बसली. आकाराम दारात होता. त्यानं पुढं येऊन पाळण्याची दोरी स्वतः हातात घेतली. त्या बारशात गाणी झाली, घुगऱ्या झाल्या, आणि कान रिकामा राहिला. असं बारसं जयसिंगपुरानं आधी पाहिलं नसेल.

पोरीला घरात चिमणे म्हणत. शेजारी म्हणत, बिननावाची. ती दोन्हींना वळून बघायची.

इकडं बयाक्काचे दिवस सुरू झाले. सगळ्यात अवघड सकाळ. घाटाच्या पायरीवर पाच-सहाजणी बोटावर मिसरी घेऊन बसत. बोट तोंडात फिरत राही आणि जगभरच्या गोष्टी बाहेर येत. बयाक्का त्यांच्यात जाऊन बसायची, कारण तिथं नाही बसलं तर दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. पण हात आपोआप तोंडाकडं जायचा. म्हणून ती उजवा हात मांडीखाली दाबून बसायची. भाजल्या पानाचा वास यायचा आणि तिचे डोळे भरायचे. बायका म्हणायच्या, “आक्का, चिमूटभरानं काय हुतंय?” ती मान हलवायची. काही दिवसांनी एकजण घरूनच मिसरी लावून आली. मग दुसरी. कुणी ठरवलं नव्हतं. बयाक्का बसलेली असली की घाटावर डबी उघडायची नाही, असा रिवाजच पडला.

दुसऱ्यांदा हाड बसवलं. आता दोन्ही कमरा सारख्या झाल्या, असं पिराजी म्हणाला. पावसाळा आला आणि खरी नदी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत चढली. बयाक्का सोप्यात पडून पाण्याचा आवाज ऐकायची. आता स्वप्नात ती पाण्यात उभी नसायची. काठावर बसलेली असायची. समोर पाण्यातून एक बांध हळूहळू वर येत असायचा, पांढरा, ओला, आणि त्यावरून एक लहान पोर चालत यायचं. पोराचं तोंड कधी दिसायचं नाही. कान तेवढा दिसायचा. कोवळा, उन्हात लालसर दिसणारा. ती हाक मारायला तोंड उघडायची आणि जागी व्हायची.

जाग आली की शेजारी खरी पोर असायची. शालन तिला मुद्दाम आणून सोडायची. रांगायला लागल्यावर पोर बयाक्काच्या पोटावर चढून तिच्या तोंडात बोट घालू बघायची. बयाक्का ओठ घट्ट मिटून मान इकडंतिकडं करायची आणि पोर खिदळायची. कान अगदी तोंडाशी असायचा. कितीदा तरी वाटलं असेल, टाकावं सांगून. कसं का निघेना. पण तिनं सांगितलं नाही.

हिवाळ्यात डॉक्टरांनी फोटो काढला आणि ह्या वेळी त्यांनी तो बयाक्काच्या हातात दिला. “बघा तुमचा बांध,” ते म्हणाले. काळ्यावर एक पांढरट कमान दिसत होती. मग त्या हाडात स्क्रू बसले. ते मुरायला पुढचा उन्हाळा गेला. आणि दोन हजार एकच्या श्रावणात बयाक्काला दात आले. तोपर्यंत पोरीलाही आले होते.

पण दात आले म्हणून कुर्रर्र आलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं आरशासमोर प्रयत्न केला तर नुसतं ‘कुल्ल’ झालं. जिभेला नवं दार सापडत नव्हतं. इतकी वर्षं ती कवळी दाबून धरायला शिकली होती, मोकळं फिरायला विसरली होती. बयाक्का घाबरली. डॉक्टर म्हणाले, येईल, बोलत राहा. ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या कानात करायला लागली. म्हैस कान झाडायची. नदीवर धुणं धुताना पाण्याला सांगायची. पिराजी पायरीवरून बघत होता. एक दिवस तो जवळ आला आणि कान पुढं केला.

“माझ्यात कर.”

“आणि काय नाव ठिवू?”

“नावं तर जलमभर ठिवलीसच की. आता नुसतं कुर्र कर.”

ती हसली. हसता हसता वाकली, त्याच्या केसाळ कानाला तोंड लावलं आणि हसण्याच्या शेवटी, कसं कुणास ठाऊक, तो आवाज निघाला. बारीक, मग लांब, मग खोल. पिराजीनं डोळे मिटले. पुष्कळ वेळ उघडले नाहीत. “आलं,” तो म्हणाला. “पाण्यावर असताना काठावरनं ऐकू यायचं, तसंच हाय.”

बारसं कुरुंदवाडात आकारामच्या घरी झालं. दीड वर्षाच्या पोरीचं बारसं बघायला गल्ली लोटली. पाळणा तिला पुरेना, दोन्ही पाय बाहेर लोंबत होते. दोनदा उतरून पळाली, दोनदा धरून आणली. जयसिंगपूरची आजी म्हणाली, “पोर सासरला जायच्या आधी उरका म्हणावं.” पण ती सगळ्यात पुढं बसली होती.

बयाक्का वाकली. बायका तिच्या पाठीत मारायला लागल्या. “जपून गं,” कुणी ओरडलं, “कंबर पडंल तोंडातली!” घर हसलं. बयाक्कानं दोन्ही हातांनी पोरीचं डोकं धरलं, कानावरची जावळं बाजूला केली आणि श्वास सोडला. पोरीनं खांदा आखडला, तिला गुदगुल्या झाल्या. मग ते आलं. हसण्याच्या खालून आलं, घुमलं, आणि एकेक बाई मारायची थांबली. उचललेले हात तसेच राहिले. पोर डोळे मोठे करून समोर हवेत कुठंतरी बघत होती. तिचा ओठ जरासा उघडा होता. शालननं भिंतीला टेकून डोळ्यांना पदर लावला.

बयाक्काचे ओठ हलले. नाव कुणालाच ऐकू आलं नाही. तशी रीतच आहे.

“काय ठिवलंसा आक्का? सांगा आता!” चारी बाजूंनी गलका झाला.

बयाक्का सरळ होत होती. तिनं तोंड उघडायच्या आत पोर पाळण्यात उठून उभी राहिली, दोरीला धरून, आणि सगळ्यांकडं बघत ठणठणीत आवाजात म्हणाली, “कांती!”

आपलं नाव आपणच सांगणारं बाळ कुणी पाहिलं होतं?

“कांती?” आजीनं विचारलं.

“क्रांती,” बयाक्का म्हणाली. प्रत्येक अक्षर दातांना लागून, सुटं, स्वच्छ. “मधला र तिला सवडीनं यील. मला त्याला दोन कंबरा लागल्या.”

मग जो हशा झाला त्यात पाळणा, गाणी, सगळं बुडून गेलं. चिमणाबाईनं बयाक्काच्या पाठीत शेवटचा एक धपका घातला. शालननं ओंजळभर घुगऱ्या तिच्या पदरात टाकल्या. बयाक्का गर्दीतून वाट काढत दाराबाहेर पडली.

तिथून रस्ता घाटाकडं जातो. ऊन कलतं होतं. पिराजी आकारामच्या कट्ट्यावर बसला होता, तिच्याबरोबर घरी जायला म्हणून उठलाही होता. पण उठून तो तसाच उभा राहिला. बयाक्का रस्त्याच्या मधून चालली होती. दोन्ही कमरा धरल्यामुळं जरा डुलत, डाव्या हातात पदराचा ओचा. एकेक घुगरी तोंडात टाकत होती आणि चावत होती, शाळेतून सुटलेल्या पोरीसारखी, कुणीकडंही न बघता. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. पिराजीनं हाक मारली नाही. ती वळणाशी गेली, थांबली, पदरात बघून एक घुगरी निवडली, आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तो रस्त्याकडं बघत तिथंच उभा होता.